एका मिनिटाची लाल ज्योत

फुलबाजी हातात धरायला कोणाला शिकवणी लावावी लागत नाही. हात लांब करायचा, ठिणग्या बघत राहायच्या, हवेत दोन-चार गोल काढायचे आणि संपत आली की पायाजवळ टाकून द्यायची. समुद्रात अडकलेल्या होडीवर आयुष्यात पहिल्यांदा हँड फ्लेअर पेटवणारा माणूस नेमक्या याच सवयी घेऊन येतो. त्यातली पहिली सोडली, तर बाकीच्या सगळ्या तिथे घात करतात.

हँड फ्लेअर म्हणजे हातात धरून पेटवायची संकेतज्योत. लहान टॉर्चएवढी नळी, खाली मूठ आणि वरच्या भागात शोभेच्या दारूसारखे मिश्रण. दोरी ओढली किंवा खटका दाबला की झगझगीत लाल उजेड पडतो आणि साधारण मिनिटभर टिकतो. मासेमारी नौका, शिडाच्या होड्या, प्रवासी लाँच, मालवाहू जहाजांच्या जीवरक्षक नौका अशा ठिकाणी ही फ्लेअर ठेवलेली असते. बहुतेक वेळा ती एखाद्या डब्यात पडून असते, आणि तिला पहिल्यांदा हात लागतो तो नेमका जीव धोक्यात असताना, अंधारात, ओल्या आणि थरथरत्या हातांनी.

मी डॉक्टर आहे, दर्यावर्दी नाही. पण किनारपट्टीवरच्या सरकारी रुग्णालयात बरीच वर्षे काम केले की समुद्र बाह्यरुग्ण विभागात येतोच. तो कधी माशाचा काटा रुतलेल्या बोटाच्या रूपाने येतो, कधी दोरात सापडलेल्या हाताच्या, तर क्वचित फ्लेअरने भाजलेल्या तळव्याच्या रूपाने. ही शेवटची इजा पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी लागते ती थोडी माहिती, आणि ती किनाऱ्यावर असतानाच घ्यायला हवी.

पाण्यातही न विझणारी आग

आठवी-नववीत विज्ञानाच्या तासाला मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवतात आणि सर बजावतात, ‘थेट बघू नका.’ फ्लेअरच्या पोटात तेच मॅग्नेशियम भुकटीच्या रूपात असते. त्याला लाल रंग देते स्ट्रॉन्शियम नायट्रेट. या नायट्रेटचे आणखी एक काम असते. ते तापल्यावर ऑक्सिजन सोडते. म्हणजे इंधन आणि ते जाळायला लागणारा प्राणवायू, दोन्ही एकाच नळीत. त्यामुळे ही ज्योत बाहेरच्या हवेवर अवलंबून नसते. वारा तिला विझवू शकत नाही आणि पाणीही सहजासहजी नाही.

हा काही दोष नव्हे, ती तशीच असायला हवी. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार जहाजांच्या जीवरक्षक नौकांवरची हँड फ्लेअर किमान एक मिनिट जळली पाहिजे, तिची सरासरी तेजस्विता १५,००० कँडेलापेक्षा कमी असता कामा नये आणि दहा सेंटीमीटर पाण्याखाली दहा सेकंद बुडवल्यावरही ती जळत राहिली पाहिजे. एका मेणबत्तीचा उजेड ढोबळमानाने एक कँडेला धरला, तर पंधरा हजार मेणबत्त्या एका मुठीत एकवटल्या असे समजा.

उष्णतेचा अंदाज यायला स्वयंपाकघरात जाऊ. भजी तळायचे तेल १८० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि त्याचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. फ्लेअरची ज्योत हजार अंशांच्या बरीच पुढे असते. शिवाय तिच्यातून तापलेला, वितळलेला चोथा थेंबाथेंबाने गळतो. तो नायलॉनच्या जाळ्यावर पडला तर जाळे वितळते, रबरी तराफ्यावर पडला तर तराफ्याला भोक पडते, आणि मनगटावर पडला तर तिथे चिकटतो. इजा ज्योतीपेक्षा या चोथ्यामुळेच अधिक होते, हे लक्षात ठेवले की पुढची सगळी काळजी आपोआप समजते.

सहा फ्लेअर म्हणजे सहा मिनिटे

आता दुसरी बाजू. एवढा प्रखर उजेड आहे म्हणजे तो कुठूनही दिसेल, असे वाटणे साहजिक आहे. पण पृथ्वी गोल आहे. क्षितिज किती दूर आहे ते काढायचा एक सोपा हिशोब आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ३.५७ ने गुणायचे, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. होडीत बसलेल्या माणसाने हात वर केला तर ज्योत पाण्यापासून साधारण दोन मीटरवर येते. तिचे क्षितिज पाच किलोमीटरवर. बघणारा दुसऱ्या होडीवर तीन मीटर उंचीवर उभा असेल तर त्याचे क्षितिज सहा किलोमीटरवर. म्हणजे सगळे अनुकूल असले तरी या दोघांमध्ये अकरा किलोमीटरपर्यंतच नजरभेट होऊ शकते. लाटा, धुरकट हवा, पाऊस हे सगळे धरले तर पाचेक किलोमीटरवर भिस्त ठेवावी.

पॅराशूट रॉकेट ही वेगळी गोष्ट. ते नियमानुसार किमान ३०० मीटर उंच जाते आणि ३०,००० कँडेलाची लाल ज्योत छोट्या पॅराशूटला लटकत किमान ४० सेकंद जळते. तीनशे मीटरवरून क्षितिज साठ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून दोघांची कामे निराळी. रॉकेट दूरच्या माणसाला सांगते, ‘इकडे कोणीतरी आहे.’ हँड फ्लेअर जवळ आलेल्या माणसाला सांगते, ‘मी नेमका इथे आहे.’ दिवसा लखलखीत उन्हात लाल ज्योत फिकी पडते, तेव्हा नारिंगी धुराचा डबा उपयोगी. पाण्यावर तरंगणारा असा डबा किमान तीन मिनिटे धूर सोडतो आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला त्यावरून वाऱ्याची दिशाही कळते.

जहाजाच्या जीवरक्षक नौकेत नियमाप्रमाणे सहा हँड फ्लेअर, चार पॅराशूट रॉकेट आणि धुराचे दोन डबे असतात. सहा हँड फ्लेअर म्हणजे हाताशी एकूण सहा मिनिटांचा उजेड, आणि रात्र मात्र बारा तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची. घाबरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत डबा रिकामा करतो. मग खरेच एखादे जहाज जवळून जाते तेव्हा हातात काही उरलेले नसते.

समुद्रात माणूस शोधणे किती अवघड असते, याची कल्पना किनाऱ्यावरून येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, त्यातले १८६ वाचले. नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजे, हेलिकॉप्टरे कामाला लागलेली असतानाही शोध दिवसेंदिवस चालला. उधाणलेल्या पाण्यात माणसाचे डोके म्हणजे एक काळा ठिपका, तोही लाटेआड जाणारा. अशा वेळी शोधणाऱ्याच्या नजरेला धरायला काहीतरी हवे असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी मदत मागावी ती यंत्राने. व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर ‘मे-डे’, मासेमारी नौकांसाठी इस्रोने तयार केलेले उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे ‘डॅट’ यंत्र, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. फ्लेअर त्यानंतर, आणि तीही एखादी नौका किंवा विमान दिसले, निदान आवाज ऐकू आला तर. एका वेळी एकच. रॉकेटच्या बाबतीत एक सोडल्यावर थोड्या वेळाने दुसरे सोडतात, म्हणजे पहिल्याने ज्याचे लक्ष वेधले त्याला दुसऱ्याने दिशा पक्की करता येते.

पेटवायची कशी

वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्लेअर वेगवेगळ्या रीतीने पेटतात. कुठे दोरी ओढायची, कुठे तळ फिरवून खटका मारायचा, कुठे झाकण काड्यापेटीसारखे घासायचे. म्हणून आपल्या नौकेवर आहे तिच्यावरचे चित्र दिवसाउजेडी वाचा. कोणते टोक पेटते, हे डोळे मिटून बोटांनी ओळखता आले पाहिजे. अंधारात उलटी धरलेली फ्लेअर तळहातात पेटते.

पेटवण्यापूर्वी नौकेवरच्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घातलेले असावे. पेट्रोलचे कॅन, स्टोव्ह, जाळी बाजूला सारावीत. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे फ्लेअर पेटवूच नये. पेटवणारा एकच, बाकीच्यांनी त्याच्या मागे, दूर राहावे आणि एकाने पाण्याची बादली घेऊन तयार असावे. हातात चामड्याचा किंवा जाड सुती मोजा असेल तर उत्तम. नायलॉनचा रेनकोट किंवा रबरी हातमोजा नको, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. मोजा नसेल तर ओला केलेला जाड सुती टॉवेल हाताला गुंडाळावा.

आता वारा बघा. वारा आपल्या पाठीवर आला पाहिजे. म्हणजे नौकेच्या ज्या बाजूने वारा बाहेर जातो, त्या बाजूला उभे राहायचे. हात पूर्ण लांब करून पाण्यावर काढायचा आणि फ्लेअर सरळ उभी न धरता बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशांत कललेली ठेवायची. उभी धरली की चोथा थेट मुठीवर आणि मनगटावर ओघळतो. कललेली धरली की तो पाण्यात पडतो, आणि वारा धूर, ठिणग्या आपल्यापासून दूर नेतो. हवेत गोल काढायचे नाहीत. हात स्थिर आणि जमेल तितका उंच. चेहरा दुसरीकडे वळवायचा.

पूर्ण जळेपर्यंत ती पाण्यावरच धरून ठेवावी. मूठ सहन होईना तर सरळ समुद्रात सोडून द्यावी, नौकेच्या आत कधीही टाकू नये. विझलेली नळीही बराच वेळ तापलेली असते, ती बादलीत बुडवावी. पेटलीच नाही, तर जवळ आणून आत डोकावण्याचा मोह टाळा. किमान मिनिटभर तशीच बाहेर धरा आणि मग पाण्यात टाका. दिवाळीत न फुटलेल्या सुतळी बॉम्बवर वाकून बघणाऱ्यांचे काय होते, ते आम्ही दर वर्षी पाहतो.

हेलिकॉप्टर जवळ आले असेल तर रॉकेट सोडू नये, ते त्यालाच लागू शकते. तेव्हा हँड फ्लेअर किंवा धूर वापरावा.

डोळ्यांचा हिशोब

भाजण्याची भीती सगळ्यांना असते. डोळ्यांचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. हात लांब केला तर ज्योत डोळ्यांपासून साठ सेंटीमीटरवर येते. तेवढ्या अंतरावर १५,००० कँडेलाचा प्रकाश चाळीस हजार लक्सच्या आसपास पडतो. भर दुपारचे थेट ऊन साधारण एक लाख लक्स असते. म्हणजे मिट्ट काळोखातून एकदम अर्ध्या दुपारच्या उन्हात यावे, असा तो फरक.

अंधारात आपल्याला दिसते ते दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमुळे. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य प्रखर उजेडाने विघटित होते आणि पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे फ्लेअरकडे बघत राहिलेला माणूस ती विझल्यावर बराच काळ जवळजवळ आंधळा असतो. नेमकी तीच वेळ दुसऱ्या नौकेवरून फेकलेला दोर पकडायची, शिडीवर पाय ठेवायची असते. उपाय साधा आहे. बाकीच्यांनी पाठ करावी आणि पेटवणाऱ्याने एक डोळा घट्ट मिटून घ्यावा. दोन्ही डोळ्यांचा अंधाराचा सराव स्वतंत्र असतो, त्यामुळे मिटलेला डोळा नंतर कामाला येतो.

दुसरा धोका राखेचा. मॅग्नेशियम जळून झालेली पांढरी राख डोळ्यात गेली की अश्रूंशी मिसळून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होते. पित्तावरच्या औषधात हेच द्रव्य पोटाला आराम देते. डोळ्यात मात्र ते अल्कली म्हणून वागते आणि अल्कलीची इजा आत झिरपत जाते. म्हणून फ्लेअरचा कण डोळ्यात जाणे म्हणजे नुसते भाजणे नव्हे, रासायनिक इजाही असते. डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार किमान वीस मिनिटे धरा, पापण्या उघडून त्यांच्या खालूनही पाणी जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. नंतर ‘आता फक्त थोडे खुपते आहे’ असे वाटले तरी नेत्रतज्ज्ञाकडे जायलाच हवे.

धुराबद्दल थोडक्यात. बंद केबिनमध्ये फ्लेअर किंवा धुराचा डबा कधीही पेटवू नये. दमा असलेल्याने धुराच्या उलट बाजूला राहावे आणि आपला पंप खिशात ठेवावा.

भाजल्यावरचे पहिले अर्धे तास

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेला एक तरुण खलाशी आठवतो. इंजिन बंद पडून नौका वाहत चालली होती, दूर दुसऱ्या नौकेचे दिवे दिसले आणि त्याने फ्लेअर पेटवली. संकेत दिसला, मदत आली, सगळे सुखरूप परतले. पण फ्लेअर त्याने मशालीसारखी सरळ उभी धरली होती. चोथा अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर ओघळला. वेदनेने हात झटकला तेव्हा आणखी दोन बोटे भाजली. नौकेवर होती ती टूथपेस्ट वर थापली गेली. तो आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा नऊ तास उलटले होते. टूथपेस्टचा वाळलेला थर काढताना त्याला किती यातना झाल्या ते सांगायला नको. अनामिकेत चांदीची अंगठी होती. बोट इतके सुजले होते की ती कापून काढावी लागली. जखमा भरल्या, पण अंगठा पूर्वीसारखा वळायला पुढे कित्येक महिने व्यायाम करावे लागले. त्या काळात दोर ओढायचे काम त्याला करता आले नाही. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला तळहाताचे भाजणे फार महाग पडते.

त्याच्या बाबतीत जे व्हायला हवे होते ते असे. चिकटलेला जळता कण सर्वांत आधी जाड कापडाने, चिमट्याने किंवा चाकूच्या बोथट बाजूने दूर करावा, कारण जळत्या मॅग्नेशियमवर नुसते पाणी ओतून तो विझत नाही. मग लगेच भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ नको. होडीवर गोडे पाणी मोजकेच असते. अशा वेळी स्वच्छ कापड भिजवून ठेवावे आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदलावे. वीस मिनिटे फार वाटतात, पण त्वचेच्या खालच्या थरांत साठलेली उष्णता पृष्ठभाग गार झाल्यावरही आत इजा करत राहते. अंग ओले असेल, वारा असेल, तर बाकीचे शरीर कोरड्या कापडाने झाकून ऊब द्यावी.

पाणी सोडतानाच अंगठी, घड्याळ, कडे, हातातले दोरे काढून टाका. सूज यायच्या आत निघाले तर निघाले. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीचा भाग कापा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा किस यातले काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ, कोरडे, न चिकटणारे कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म सैलसर घालून हात छातीच्या वर उचललेला ठेवा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते.

तळहात, बोटे, चेहरा किंवा सांध्यावरचे भाजणे लहान दिसले तरी रुग्णालयात दाखवावे. जागा पांढरी, मेणचट किंवा काळपट दिसत असेल आणि तिथे दुखत नसेल, तर खूश होऊ नये. न दुखणे म्हणजे तिथले मज्जातंतूही जळाले, जखम खोल आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, ते आठवून सांगावे.

डोंगरात फ्लेअर नको, शिट्टी हवी

सह्याद्रीत भटकणारी तरुण मंडळी अधूनमधून विचारतात, पाठपिशवीत फ्लेअर ठेवावी का? माझे उत्तर आहे, नको. पावसाळा सरला की आपल्या डोंगरांवरचे गवत वाळून पेंढ्यासारखे होते. एक थेंब चोथा पडला तरी वणवा लागतो, आणि वणवा चढाच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावतो. समुद्रात चोथ्याखाली पाणी असते, इथे त्याखाली तुम्हीच असता.

डोंगरासाठी जगभर रूढ असलेला संकेत अधिक सोपा आहे. मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची किंवा टॉर्च लुकलुकवायचा, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सहा. उत्तर येते ते मिनिटात तीनचे. शिट्टी संपत नाही, भाजत नाही, धुक्यात आणि दरीतही ऐकू जाते आणि घसा कोरडा पडला तरी वाजते. सोबत चार्ज केलेला मोबाइल आणि ११२ हा क्रमांक असला की झाले.

भाजण्याची जोखीम टाळायची म्हणून आता विजेवर चालणारे संकेतदिवेही मिळतात. त्यांचा उजेड फ्लेअरपेक्षा बराच कमी असतो, पण ते तासन् तास लुकलुकत राहतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने लहान खासगी नौकांवर ठरावीक मानकाचे असे दिवे रात्रीच्या संकेतासाठी मान्य केले आहेत. मुले सोबत असलेल्या नौकेवर फ्लेअरच्या जोडीला असा दिवा असणे शहाणपणाचे.

आनंदाला लाल रंग नको

मुदत संपलेल्या फ्लेअर लग्नाच्या वरातीत, सामन्यात किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री पेटवण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये कार्डिफ येथे वेल्स-रुमानिया फुटबॉल सामन्यानंतर प्रेक्षकांतून सुटलेल्या सागरी रॉकेटने एका वृद्ध प्रेक्षकाचा जीव घेतला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बोलिव्हियातल्या ओरुरो शहरात सामना पाहायला आलेला १४ वर्षांचा मुलगा अशाच सागरी फ्लेअरने गेला. तीनशे मीटर वर जाण्यासाठी बनवलेली वस्तू आडवी सोडली की ती बंदुकीच्या गोळीसारखी वागते.

दुसरे कारण नियमाचे. समुद्रावरची लाल फ्लेअर म्हणजे ‘आम्ही संकटात आहोत’, एवढाच तिचा अर्थ आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेला आहे आणि अन्य कारणासाठी ती वापरायला मनाई आहे. गंमत म्हणून पेटवलेल्या एका फ्लेअरमागे बचाव पथके रात्र घालवतात.

फ्लेअरची मुदत सहसा तीन-चार वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. दमट हवेत आतले मिश्रण बिघडते. मग ती पेटत नाही किंवा भलतीकडून पेटते. डबा हवाबंद, कोरडा, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर आणि मुलांच्या हाताला न लागेल असा, पण मोठ्यांच्या हाताशी असावा. मुदत संपलेल्या फ्लेअर कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नयेत. विक्रेत्याकडे किंवा जवळच्या बंदर कार्यालयात त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते विचारावे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून त्या मागवू नयेत, विमानात कोणत्याही सामानातून त्या नेता येत नाहीत. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत नौका ओढून डागडुजी, रंगकाम चालते, तेव्हाच हा डबाही उघडावा. नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जाण्याआधी तांडेल किंवा नाखवाने सगळ्या खलाशांना, विशेषतः नव्या पोरांना, न पेटवता एकदा हातात धरायला लावावी आणि वाऱ्याकडे पाठ कशी करायची ते दाखवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

दिसली तर?

हे वाचणाऱ्या बहुतेकांवर फ्लेअर पेटवायची वेळ कधीच येणार नाही. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या किंवा सुट्टीला तिथे जाणाऱ्या कोणालाही ती दिसू शकते. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री टायटॅनिकने सोडलेली पांढरी रॉकेट ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजावरच्या अधिकाऱ्यांना दिसली होती. त्यांनी ती मोजलीही, आठ. पण त्यांचा अर्थ काय लावायचा यात रात्र गेली आणि जहाज जागचे हलले पहाटेनंतर. आज लाल रंगाच्या अर्थाबद्दल तसा संभ्रम असण्याचे कारण नाही.

रात्री समुद्रावर लाल ज्योत दिसली तर फटाका असेल म्हणून सोडून देऊ नका. आपण उभे आहोत त्याच जागी थांबा आणि ती कोणत्या खुणेच्या रेषेत दिसते आहे ते पाहा. दीपगृह, जेट्टीचे टोक, डोंगराचा कडा, काहीही. ज्योत विझल्यावर ती रेषा तेवढी हातात उरते. घड्याळ बघा. मग १५५४ किंवा ११२ वर फोन करून कुठून, कोणत्या दिशेला, किती वाजता, किती ज्योती दिसल्या ते सांगा आणि सांगितले जाईपर्यंत तिथून हलू नका. स्वतः होडी घेऊन अंधारात निघू नका. जवळ कोळीवाडा असेल तर तिथे मात्र जरूर सांगा, कारण बाहेर कोण गेले आहे आणि अजून कोण परतले नाही, ते त्यांना ठाऊक असते.